गाणं विकायचं की खंडानं द्यायचं?

या पानावर आपण एरवी ऊस, काजू नाहीतर घनसाळ भाताबद्दल बोलतो. आज मालाची जात जरा वेगळी आहे. मोबाईलमध्ये मावणारा माल म्हणजे गाणी, व्हिडिओ, फोटो, अॅपचं सदस्यत्व. हसू नका. आपल्या तालुक्यात हा माल आता रोज विकला जातो आणि रोज विकत घेतलाही जातो. आणि बैलबाजारात बोट न ओळखणारा जसा फसतो, तसाच आपला माणूस इथं फसतो आहे. म्हणून हा लेख.

गेल्या महिन्यात चुलत्यांना घेऊन मुंबईला परळला जावं लागलं. इस्पितळात तपासण्या होत्या. मुक्काम गावाच्या गाळ्यात. आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातल्या माणसाला गाळा म्हणजे काय हे सांगायला नको. गिरण्या जोरात होत्या तेव्हा गावकीनं पैसे जमवून चाळीत घेतलेली खोली. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, भिंतीला ट्रंका, झोप पाळीपाळीनं आणि जेवण खाणावळीत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, पुढे एकेक करून गिरण्या गेल्या. गाळे मात्र पुष्कळसे राहिले. आता तिथं इस्पितळाला येणारे, परीक्षेला येणारे, नोकरी शोधणारे उतरतात.

तिथं आमच्याच गावचा एक पोरगा भेटला. वय पंचवीसच्या आतबाहेर. त्याचे आजोबा भेदिक शाहीर. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात रात्र रात्र उभे राहायचे, बरीच गाणी त्यांनी स्वतः जुळवलेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसलेले असताना या पोरानं आजोबांची चाळीस गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवली. म्हातारा दोन वर्षांपूर्वी गेला. आता मुंबईतल्या एका कंपनीनं ती गाणी इंटरनेटवर चालवण्यासाठी मागितली होती. सोमवारी सही करायची म्हणून पोरगा आला होता.

"दादा, अकरा हजार म्हणत होते. तीन दिवस फोनवर घासाघीस केली. पंधरावर आणलं," तो मला सांगत होता. खुशीत होता. विहिरीवरची मोटर जळलेली, ती भरून आणायला पैसे हवेच होते.

कोपऱ्यात तात्या बसले होते. गिरणीतून निवृत्त, आता सत्तरी ओलांडलेली. त्यांनी एकच विचारलं, "किती सालासाठी दिलंस?"

"सालासाठी म्हंजे? विकली की तात्या."

"मग उद्या तुझ्या लेकराच्या बारशाला आज्याचं गाणं लावलंस, अन् ते लोकांना दाखवलंस, तर कुणाला विचारणार?"

पोरगा गप्प. मी कागद मागून घेतला. त्यात लिहिलं होतं : सर्व गाण्यांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगभर, कायमस्वरूपी. तीन दिवसांची सगळी घासाघीस एका आकड्यावर झाली होती. बाकीच्या चार शब्दांवर एक मिनिटही गेलं नव्हतं.

फूल सुकतं, गाणं सुकत नाही

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दादरच्या फूलबाजारात चक्कर टाकली. आपल्याकडचा शेतकरी पहाटे झेंडू उतरवतो तेव्हा त्याचा भाव बरा असतो. ऊन चढेल तसा भाव उतरतो. दुपारी तोच माल कुणी फुकट नेईना. नाशिवंत माल विकणाऱ्याला घाई करावीच लागते. समोरचा व्यापारी हे ओळखून असतो आणि मुद्दाम वेळ काढतो.

ही घाई आपल्या रक्तात भिनलेली आहे. टोमॅटो, कोथिंबीर, दूध, फुलं, सगळ्यात आपण तेच शिकलो : आलेला भाव घे, उद्या हाही मिळणार नाही. पण गाण्याला ऊन लागत नाही. आजोबांचं गाणं आज विकलं नाही तर उद्या सडणार नाही. उलट माणूस गेल्यावर त्याची किंमत वाढते, कारण आता तसं गाणं पुन्हा कुणी गाणार नाही. मोटर जळली होती ही घाई पोराची होती, मालाची नव्हती. या दोन घाई वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

दुसरा फरक असा. झेंडूची एक क्रेट एकालाच विकता येते. गाण्याच्या प्रती हजार निघतात आणि मूळ गाणं आपल्याकडंच राहतं. म्हणून इथं "केवढ्याला?" हा प्रश्न शेवटी यायला हवा. त्याआधी तीन प्रश्न : कुणाला, कुठं, किती दिवस?

खरेदीखत, खंड आणि वाटा

हे समजायला वकील लागत नाही. जमिनीचे व्यवहार आपल्याला पाठ आहेत. जमीन खरेदीखतानं देतो, तेव्हा ती गेली. खंडानं देतो, तेव्हा मुदत संपली की परत येते. वाट्यानं देतो, तेव्हा पिकलं तर दोघांना, नाही पिकलं तर कुणालाच नाही.

मोबाईलमधल्या मालाचे व्यवहारही हेच तीन. हक्क कायमचे लिहून दिले, तर ते खरेदीखत. ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी दिली, तर तो खंड. कमाईतला हिस्सा ठरवला, तर वाटा. पोरगा खंडाच्या भावात खरेदीखत करून देत होता. पंधरा हजार भागिले चाळीस, म्हणजे गाण्याला ३७५ रुपये. तेही कायमचे.

खंडातही एक बारीक गोष्ट आहे. "हे गाणं तुम्हालाच देतो" आणि "हे गाणं तुम्हालाही देतो" यात एका अक्षराचा फरक. "तुम्हालाच" म्हटलं, की मुदत संपेपर्यंत दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कित्येकदा स्वतःच्या चॅनलवरही टाकता येत नाही. टाकलं तर यूट्यूबची यंत्रणा गाणं ओळखते आणि हक्क कंपनीचा म्हणून तुमचा व्हिडिओ अडवते, नाहीतर त्याची कमाई कंपनीकडं वळवते. "तुम्हालाही" म्हटलं, तर चार जणांना देता येतं. "च" महाग विकावा, "ही" स्वस्त दिला तरी चालतो.

सिनेमाचा धंदा करणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं. परळमध्येच व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर उभं केलं. माणूस आपल्या कोल्हापूरचा. त्या काळापासून चित्रपटाचा धंदा असा चालत आला : देशाचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाचा वितरक वेगळा, गाण्यांच्या रेकॉर्डचा व्यवहार वेगळा. पुढे टीव्ही आला, तेव्हा टीव्हीचे हक्क वेगळे विकले. एकाच रानात चार पिकं. याउलट कॅसेटच्या जमान्यात आपल्या कितीतरी शाहिरांनी आणि तमाशा कलावंतांनी एकदाच मानधन घेतलं आणि विषय संपवला. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, मोबाईल आला. गाणी वाजत राहिली, पैसे मात्र पहिल्याच दिवशी थांबलेले.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. आपल्या कामाच्या गोष्टी तेवढ्या सांगतो.

हक्क लिहून दिल्याशिवाय जात नाहीत. तोंडी "दिलं" म्हटलं म्हणून हक्क बदलत नाही. कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कुठल्या मुलखासाठी हे लिहिलेलं नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. म्हणजे कागद गप्प असेल तर कायदा तुमच्या बाजूनं बोलतो. पण कागदात "कायमस्वरूपी, जगभर" आलं, की ही सवलत गेली. म्हणून ते दोन शब्द आधी शोधा.

गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क तो जिवंत असेपर्यंत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. अण्णाभाऊ साठ्यांचंच उदाहरण घ्या. वाटेगावचा माणूस, गिरणगावच्या कामगारांपुढं डफावर उभा राहिला. १९६९ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ सालच्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा जत्रेच्या व्हिडिओमागं कुठलंही गाणं "जुनं आहे, चालतंय" म्हणून लावू नका.

गाण्याचं रेकॉर्डिंग ही आणखी वेगळी मालमत्ता. ज्यानं पुढाकार घेऊन रेकॉर्ड केलं, तो त्याचा निर्माता. त्याचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं. गाणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क, तो ५० वर्षं. जात्यावरची ओवी परंपरेची असेल, तिचा एक मालक नसेल, पण तुमच्या आजीनं ती गायली आणि तुम्ही रेकॉर्ड केली, तर त्या रेकॉर्डिंगला मालक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी अशा लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या. आज त्या इंटरनेटवर ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावासकट आणि गावासकट. आपल्या आयाबायांचं गाणं बिननावाचं नसतं, एवढं तरी त्यातून शिकावं.

आता आमच्या पोराचं बघा. रेकॉर्डिंग त्याचं. पण गाणी जुळवली आजोबांनी, त्यांचा हक्क वारसांकडं आला. वारस कोण? आजी नाही, म्हणून वडील आणि दोन आत्या. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतात तशी ती इथंही आहेत, दिसत नाहीत एवढंच. पोरगा एकटा सही करून मोकळा झाला असता, तर उद्या घरातच भांडण.

उपरण्याखालची बोटं

बैलबाजारात हेडी उपरण्याखाली बोटं धरून भाव करतो. बाहेरच्याला काही कळत नाही. शेतमालात हीच हत्ता पद्धत होती. ती मोडायला बाजार समितीचे कायदे आले, १९३९ चा आणि मग १९६३ चा. उघड लिलाव आला, निदान कागदावर तरी.

ऑनलाईन विक्रीत उपरणं पुन्हा आलंय. कंपनीचा माणूस प्रत्येकाशी वेगळा बोलतो आणि वर सांगतो, "हा भाव फक्त तुम्हाला, दुसऱ्याला सांगू नका." असं कुणी म्हटलं की चार जणांना जरूर विचारा. तालुक्यात शाहीर आहेत, भजनी मंडळं आहेत, बैलांचे आणि शेतीचे व्हिडिओ करणारी पोरं आहेत. एकमेकांना भाव सांगितला तर कुणाचं काही जात नाही.

आडत इथंही आहे. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात, ४५ टक्के ते ठेवतात. जाहिरातीचा हिस्सा मिळायला आधी हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं गेलेलं लागतं. (छोट्या व्हिडिओंचा हिशेब वेगळा.) तिथं घासाघीस चालत नाही, दर ठरलेला आहे. पण मधे कुणी "तुमचं चॅनल आम्ही चालवतो" म्हणून आला, तर त्याचा वाटा उरलेल्या ५५ मधून जाणार, हे ध्यानात ठेवा. तो वाटा मात्र बोलून कमी करता येतो.

विकत घेताना

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षी आमच्या शेतकरी गटानं पीक सल्ला देणाऱ्या एका अॅपचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं. सांगितलेला भाव बाराशे. आम्ही बावीस जण एकत्र गेलो, नऊशेला तुटलं. मीच बोलणी केली होती, छाती फुगवून सगळ्यांना सांगितलंही. वर्ष झालं आणि सात जणांच्या खात्यातून आपोआप बाराशे कापले गेले. सुरुवातीला ऑटोपेची संमती दिली होती, ती कुणाच्याच लक्षात नव्हती. चूक माझी. भावावर लक्ष ठेवलं, दुसऱ्या वर्षावर ठेवलं नाही. असे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना यावी लागते. ती येते, पण आपण वाचत नाही. यूपीआयच्या अॅपमध्ये ऑटोपेच्या भागात जाऊन ही संमती रद्द करता येते. आजच बघून घ्या.

असा माल घेताना घासाघीस कशी करावी? विकणाऱ्याला आणखी एक प्रत द्यायला जवळजवळ काही खर्च येत नाही. म्हणून भाव कमी करा म्हणण्यापेक्षा जास्त मागा : बाराच्या जागी पंधरा महिने, विसाच्या जागी पंचवीस माणसं, आधी पंधरा दिवस फुकट वापरायला. पैसे सोडायला तो कुरकुरतो, महिने सोडायला एवढा कुरकुरत नाही. एकट्यानं जाऊ नका, गटानं जा. आणि तीच गोष्ट फुकट मिळते का ते आधी बघा. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन केला तर पैसे लागत नाहीत. कृषी विज्ञान केंद्रातला माणूस तुमच्या प्रश्नाला पावती फाडत नाही.

एक गोष्ट दगडावर कोरून ठेवा. पैसे घेताना पिन लागत नाही. "तुमच्या व्हिडिओचे पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणाला, तर तो पैसे घेतोय, देत नाही. फसलात तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करा.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी हे पान वाचतात, म्हणून सांगतो. स्पर्धेसाठी, जत्रेसाठी गावाची फिल्म करून घेता. कायद्यानं, पैसे देऊन करून घेतलेल्या फोटो-फिल्मचा पहिला मालक करून घेणारा असतो, उलट करार नसेल तर. पण मूळ चित्रण शूटिंगवाल्याच्या डबीत राहतं आणि पुढच्या वर्षी आपण तेच पुन्हा विकत घेतो. तेव्हा कामाच्या आदेशातच लिहा : संपूर्ण मूळ चित्रण पंचायतीला द्यायचं, वापराचे हक्क पंचायतीचे, संगीताची परवानगी घेण्याची जबाबदारी तुमची. तीन ओळी. जादा पैसा लागत नाही, आधी मागितलं तर. काम झाल्यावर मागितलं तर लागतो.

दुसरं, गावातल्या कलावंतांची एक वही करा. कोण गातं, काय रेकॉर्ड केलंय, कुणाला किती मुदतीनं दिलंय. कुणाला करार आला तर ग्रंथालयात नाहीतर चावडीत दोन माणसांनी तो मराठीत वाचून दाखवावा. दुधाची संस्था काढताना आपण शिकलोच आहोत की एकेकट्याच्या किटलीला भाव नसतो.

पुढं काय झालं

सोमवारी पोरानं कंपनीला सांगितलं : चाळीस नाही, बारा गाणी, तीन वर्षं, "तुम्हालाही". समोरच्यानं "मग राहू द्या" म्हणून फोन ठेवला. पोरगा रिकाम्या हातानं गावाला परतला. मोटर भरायला पतसंस्थेतून कर्ज काढलं. खरं सांगतो, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सल्ला देणाऱ्याचं काय जातं? पगार माझा चालू होता.

तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला. शेवटी दहा गाणी, दोन वर्षं, सहा हजार रुपये. वडिलांनी आणि दोन्ही आत्यांनी सही केली. गावात काही जण हसतात, पंधराचे सहा करून आला म्हणून. हिशेब तुम्हीच करा. गाण्याला ६०० रुपये, दोन वर्षांचे. तीस गाणी घरात आहेत, आणि ही दहाही दोन वर्षांनी घरी येणार आहेत. कंपनीचा फोन आलाच नसता तर? तर कर्जाचा बोजा राहिला असता आणि मला तोंड दाखवायला जागा नसती. हे कबूल करतो. तरीही मी तेच सांगितलं असतं, कारण मोटर पुन्हा भरता येते, आजोबांचा आवाज पुन्हा भरता येत नाही.

जमीन विकताना आपण दहा जणांना विचारतो, चतुःसीमा बघतो, बायकोचं तोंड बघतो. गाणं विकताना तेवढं नको, पण मुदत तरी विचारा. भाव नंतर.

(लेखक पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहेत.)